कारभारी भेसळ काढतो

वडीगोद्रीच्या पट्ट्यात कारभारीसारखा भेसळ काढणारा दुसरा माणूस नव्हता. हे गावाचं मत होतं की नाही ठाऊक नाही, पण कारभारीचं स्वतःचं होतं आणि कुणी न विचारता तो ते सांगायचा.

जालन्याच्या बियाणे कंपन्यांचे बीजोत्पादनाचे प्लॉट तो मिसरूड फुटल्यापासून घेत आला होता. या धंद्याचं तत्त्व सोपं आहे. प्लॉटमधलं प्रत्येक झाड शेजारच्या झाडासारखं पाहिजे. उंची तीच, पान तेच, कणीस तेच. एखादं झाड वेगळं दिसलं की फुलोऱ्याच्या आधी मुळासकट उपटून बांधावर फेकायचं. याला भेसळ काढणं म्हणतात. बाकीचे शेतकरी त्यासाठी पिकाच्या ओळीओळींतून घामाघूम होऊन फिरायचे. कारभारी बांधावर उभा राहून नुसतं बोट दाखवायचा, "त्या बाभळीच्या समोर बघ, एक हरामखोर मान वर करून उभा हाय." आणि हरामखोर तिथं खरंच असायचा.

पण जित्याची खोड शेतात ठेवून घरी येता येत नाही. लग्नाच्या पंगतीत पांढऱ्या टोप्यांच्या रांगेत एक फेटेवाला बसला तरी कारभारीच्या हाताला खाज सुटायची. घरात स्टीलच्या पेल्यांत एक पितळी पेला मिसळला की तो उचलून दुसऱ्या फळीवर जायचा. त्याची बायको नंदाबाई म्हणायची, "आपल्याला एकच पोरगी झाली ते बरं झालं. दोन झाल्या असत्या आन् एकमेकीसारख्या नसत्या निघाल्या, तर या माणसानं एक उपटली असती."

ती एकुलती एक पोरगी म्हणजे शिवकन्या. अंबडला शाळा, जालन्याला कॉलेज करून ती पुण्याच्या एका संशोधन संस्थेत पीएचडी करत होती. विषय लशीचा आणि रक्ताचा आहे एवढंच गावाला कळलं होतं. कारभारीला गावाइतकंच कळलं होतं, पण बाप म्हटल्यावर थोडं जास्त सांगावं लागतं. तो सांगायचा, "माझी पोरगी रक्तातलं बियाणं हुडकून राह्यली."

दोन हजार चारच्या हिवाळ्यात तिचा घरी फोन आला. "बापू, गावातल्या लोकांच्या रक्ताचे नमुने पाहिजेत. ज्यांना लहानपणी देवी टोचल्या होत्या अशी माणसं, आणि बाकीही सगळ्या तऱ्हेची. मी जीप घेऊन येते. तुम्ही फक्त गावात सांगून ठेवा."

"तू बिलकुल काळजी करू नको."

"काळजी आहे, बापू. आमचे साहेब खेड्यातल्या कामाला तयारच नव्हते. एकच खेप मंजूर केलीय. ही फसली तर माझा विषय बंद करून मला दुसऱ्याच्या कामाला जुंपणार आहेत. तीन वर्षं पाण्यात जातील."

फोन ठेवला तेव्हा कारभारीचा ऊर भरून आला होता. पोरीची तीन वर्षं त्याच्या हातात होती. पोरगी 'सगळ्या तऱ्हेची' म्हणाली होती, ते त्यानं नीट ऐकलं होतं. पण पोरगी पडली भिडस्त. कंपनी जेव्हा शेतकऱ्याकडून नमुना मागवते, तेव्हा त्या पिशवीत कुणी काडीकचरा भरून पाठवतो का? निवडून, पाखडून, दाणा न् दाणा सारखा करून पाठवतो. पुण्याच्या साहेबानं गावाचं रक्त बघून म्हटलं पाहिजे, वा, काय प्लॉट आहे! कारभारीनं ठरवलं, या प्लॉटला फेल म्हणायची कुणाची माय व्यालेली नाही.

दुसऱ्या दिवशी तो मारुतीच्या पारावर उभा राहिला आणि गावाची भेसळ काढायला लागला.

भुजंग संध्याकाळी घेतो, म्हणून भुजंग बाद. कडूबाचा एक पाय आखूड, तोही बाद. कडूबा म्हणाला, "कारभारी भाऊ, रक्त काय पायातून काढत्यात का?" तर त्याला उत्तर मिळालं, "झाड वाकडं असलं की कणीस बी वाकडंच येतं." बायका त्यानं घेतल्याच नाहीत, कारण गावातल्या बायका लग्न करून आलेल्या, म्हणजे सगळं बाहेरचं बियाणं.

"मी पण बाहेरचं का?" नंदाबाईनं विचारलं.

"तू परतूरची. परतूरचं बियाणं."

"मंग परतूरच्या बियाण्याची पोरगी पुण्यात शिकून राह्यली. तुमच्या खानदानात दहावी कोन झालं, ते सांगा की जरा."

खानदानात दहावी कुणीच झालेलं नव्हतं, त्यामुळे कारभारी घाईनं पाराकडं परत गेला. भीमनगरच्या आळीकडं तर तो गेलाही नाही. त्या आळीला वगळायचं असं त्यानं ठरवलं नव्हतं. ठरवावं लागलं नाही, हीच त्यातली वाईट गोष्ट होती.

शेवटी चाळणीत उरले ते सगळे कारभारीच्या भावकीतले. तीसेक बाप्ये, तीच उंची, तेच नाक, तीच मिशी, आणि प्रत्येकाच्या दंडावर देवी टोचल्याचा गोल व्रण. तो व्रण त्यानं बाह्या वर करून, थुंकीचं बोट लावून तपासला होता. मग आठवडाभर त्यांची मशागत चालली. रोज बीट, गूळ-शेंगदाणे, दूध. तंबाखू बंद. तंबाखू बंद झाल्यावर चौथ्याच दिवशी भावकीत दोन मारामाऱ्या झाल्या आणि एकानं बायकोचं माहेर काढलं, पण रक्त मात्र लाल झालं असणार याबद्दल कारभारीला शंका नव्हती.

शिवकन्याची जीप सकाळी शाळेपाशी थांबली. वर्गात पाय ठेवला आणि ती दारातच अडकली. समोरच्या बाकांवर पांढरे सदरे, पांढऱ्या टोप्या, तेल लावलेल्या मिशा ओळीनं बसल्या होत्या. कोपऱ्यात वडीगोद्रीहून आणलेली बर्फाची लादी भुशात निथळत होती.

"हा बर्फ कशाला?"

"रक्त नासू नये म्हणून. खर्चा झाला, पण काम बराबर पाहिजे."

"बापू, या रक्ताला बर्फ चालत नाही. पेशी मरतात. जिवंतच पुण्याला न्यायच्यात, उद्या सकाळच्या आत." ती हसत होती. मग तिनं बाकांवर पुन्हा एकदा नजर फिरवली आणि हसू ओसरलं. "आणि बाकीचे कुठं आहेत?"

"बाकीचे कोन? भेसळ काढली की मी!"

शिवकन्या मास्तरांच्या खुर्चीत बसली. बापाला काय बोलावं, हा प्रश्न तिला पीएचडीपेक्षा अवघड गेला असावा. खिडकीबाहेर वगळलेली मंडळी गंमत बघायला जमली होतीच. तिनं बापाकडं न बघता त्यांनाच विचारलं, "विहिरीवरच्या मोटारी चोरणारा माणूस आपल्या गावानं कसा पकडला होता, आठवतं का?"

न आठवून कसं चालेल! तो आधी ब्लँकेटं विकायला आला आणि जाताना मोटार घेऊन गेला. वर्षभरानं दाढी वाढवून, शेळ्यांचा व्यापारी होऊन पुन्हा आला.

"आवाज मी वळखला," भुजंग खिडकीतून म्हणाला. "पहिल्या टायमाला मी गटारीच्या काठी पडेल होतो. दिसत काय नव्हतं, पण ऐकू येत होतं."

"आन् पायाचा अंगठा मी," कडूबा म्हणाला. "मी पाराखाली बसतो. मला माणसाचं तोंड कधी दिसतच न्हाई, चपलाच दिसतेत."

"आणि ज्यांनी त्याचं तोंड नीट बघितलं होतं, ते?"

बाकांवरच्या भावकीनं माना खाली घातल्या. ज्यांनी तोंड नीट बघितलं होतं, त्यांनी दाढीवाल्याला ओसरीवर बसवून चहा पाजला होता.

"अंगातही असंच असतं," शिवकन्या म्हणाली. "लस टोचली की अंग त्या रोगाचे राखणदार तयार करून ठेवतं. रोग गेला तरी ते राहतात. काही रक्तात फिरतात, काही हाडांच्या आत बसून असतात. एकाला रोगाचं नाक ओळखू येतं, दुसऱ्याला पाय, तिसऱ्याला आवाज. सगळे नाकच ओळखणारे निघाले, आणि रोग नाक झाकून आला, की संपलं. म्हणून राखणदार तऱ्हेतऱ्हेचे पाहिजेत. देवीचा रोग जगातून जाऊन पंचवीस वर्षांवर झाली, त्याची आठवण अंगाला परत कुणी करून दिलेली नाही. तरी कुणाच्या अंगात कुठल्या तऱ्हेचे राखणदार अजून टिकलेत, हे मला बघायचंय. ते कळलं तर पुढच्या लशी तशा बनवता येतील."

"रोगच न्हाई तर राखणदारांना बसून पगार कोन देतं?" कडूबाला राहवेना.

"तुम्ही जेवता ना, त्यातूनच जातो," शिवकन्या म्हणाली आणि बापाकडं वळली. "बापू, हे सगळे एका पणज्याचे पणतू आहेत. एकसारखं रक्त, एकसारखी लस. तीस नळ्या भरल्या तरी मला एकच माणूस दिसणार. मला बायका पाहिजेत, भीमनगर पाहिजे, कडूबाकाका पाहिजेत. तुमच्या प्लॉटमध्ये जी भेसळ असते ना, तेच माझं पीक आहे."

आयुष्यभर ज्या कामाची कारभारीला शाबासकी मिळाली, त्याच कामानं पोरीचा प्लॉट फेल चालला होता.

"आणि सगळ्यात आधी मला खऱ्या देवी येऊन गेलेलं माणूस पाहिजे," ती म्हणाली. "गोजरआत्या कुठंय?"

भावकीतल्या एकानं मिशीवरचं तेल पुसलं.

गोजरबाई ही कारभारीची सख्खी थोरली बहीण. पोलीस ॲक्शनच्या मागंपुढं गावात देवीची साथ आली होती. त्याआधी टोचणारा आला तेव्हा घरच्यांनी कारभारीला पुढं केलं, आणि पोरीचा नंबर लागेपर्यंत टोचणारा पुढच्या गावाला गेला. म्हणून कारभारीच्या दंडावर एक व्रण आणि गोजरबाईच्या तोंडभर वण. तिला गावातच दिली होती, तिचं शेत भावाच्या शेताला लागून होतं, आणि भांडणाचं मूळ तिथंच होतं. एका साली कारभारीचा ज्वारीचा प्लॉट फुलोऱ्यात असताना शेजारी गोजरबाईनं नातवंडांना हुरडा पाहिजे म्हणून गूळभेंडी ज्वारी पेरली. गूळभेंडीचे परागकण वाऱ्यानं प्लॉटमध्ये आले. कारभारी म्हणाला, कापून टाक. ती म्हणाली, पोरांच्या तोंडचा घास आहे. कंपनीच्या माणसानं प्लॉट फेल केला, आणि तेव्हापासून भाऊ-बहिणीत अबोला पडला. भाऊबीजेला कारभारी घराच्या मागच्या दारानं शेतात जायचा.

शिवकन्या उठून थेट आत्याकडं गेली आणि थोड्याच वेळात एकटीच परत आली.

"आत्या म्हणाल्या, पोरी, तुझ्यासाठी अंगातलं सगळं रक्त घे. पण मला ज्यानं उपटून टाकलं, त्यानंच येऊन लावावं." तिनं घड्याळाकडं पाहिलं. "बापू, दुपारी जीप निघाली पाहिजे. नाहीतर पुण्याला पोचेपर्यंत नळ्यांत काही जिवंत राहणार नाही. मी इथं सुरू करते. पुढचं तुम्ही बघा."

कारभारी निघाला. वाटेवरच भीमनगर लागत होतं. तिथल्या पहिल्याच घराच्या ओट्यावर सत्यशीलाबाई उभ्या होत्या. शाळेतून रिटायर झालेल्या बाई, शिवकन्याला त्यांनीच बाराखडी शिकवलेली. शाळेतली हकीकत त्यांच्यापर्यंत पोचली होती, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

"बाई, शिवकन्याचं काम हाय शाळेत," कारभारी टोपी सारखी करत म्हणाला. "आळीतल्या मंडळींना घेऊन या, म्हणून सांगायला आल्तो."

"सांगायला आठवडा होता, दादा."

"डोक्यात आलं न्हाई."

"तेच म्हणते मी. तुमच्या चाळणीतून आमची आळी न चाळताच खाली पडते." त्यांनी आवाज चढवला नाही, तरी कारभारीला तो शाळेतल्या छडीसारखा लागला. "पोरगी माझी विद्यार्थिनी आहे. तिच्यासाठी येऊ आम्ही सगळे. तुमच्या बोलावण्यावरून नाही, एवढं ध्यानात ठेवा."

कारभारीनं ध्यानात ठेवलं. त्याला खरोखर लाज वाटली. पुढच्या वळणापर्यंत त्यानं टोपी हातातच धरली होती.

गोजरबाई अंगणात गोवऱ्यांच्या आरावर कणसं भाजत बसली होती. भाऊ फाटकात उभा राहिलेला तिनं पाहिला आणि कणीस उलटं केलं. कारभारी खाकरला. मांजर उठून गेलं, बहीण उठली नाही.

"औंदा ज्वारी बरी आली जनू," तो म्हणाला.

"गूळभेंडी हाय."

"वळखली."

"मंग खाऊन बघ." तिनं भाजलेलं कणीस हातावर चोळलं आणि हिरवा हुरडा त्याच्यापुढं धरला. या जातीचा दाणा तोंडात घालणार नाही, अशी कारभारीनं मारुतीपुढं शपथ घेतली होती. पण शाळेत नळ्या भरत होत्या आणि पोरीच्या तीन वर्षांचा सूर्य वर चढत होता. मारुती समजून घेईल, असं मनाशी म्हणून त्यानं मूठ तोंडात टाकली.

हुरडा गोड होता. लई गोड होता. याचाच त्याला जास्त राग आला.

"कसा हाय?"

"बरा हाय."

"नुसता बरा?"

"गोड हाय," कारभारी घशातून म्हणाला. "अक्का, चल. शिवूचा प्लॉट फेल जाऊन राह्यला."

"माझ्यामुळं?"

"तुझ्याबिगर."

गोजरबाईनं आरावर राख लोटली, लुगड्याला हात पुसले आणि पदर डोक्यावर घेऊन ती त्याच्या पुढं चालायला लागली. कारभारी तिच्या मागं मागं चालला. लोक ओट्यांवर येऊन बघत होते. त्यानं कुणाकडंही पाहिलं नाही.

शाळेत तोवर जत्रा भरली होती. भीमनगरची मंडळी आली होती, सासुरवाशिणी आल्या होत्या, नंदाबाई परतूरचं बियाणं म्हणून ऐटीत पहिल्या बाकावर बसली होती. भुजंग प्रत्येकाला सांगत होता की गावातली पहिली भेसळ तोच, त्यामुळे पहिली नळीही त्याचीच भरली. भावकीतले बाप्ये मागच्या बाकांवर तंबाखू मळत होते. शिवकन्यानं त्यातल्या चौघा-पाचांना ठेवून बाकीच्यांना घरी सोडलं, त्याबरोबर ते आठवडाभराच्या बिटाचा हिशेब मागायला लागले.

गोजरबाईची नळी भरली. तिनं ती उजेडात धरून पाहिली आणि नाक मुरडलं. "एवढंच? यापरीस ढेकूण जास्ती पितो."

मग टोचलेल्यांपैकी एक म्हणून कारभारी बसला. सुई बघितली मात्र, आणि बांधावरून हरामखोर हेरणारा हा माणूस बाकावरून अलगद आडवा झाला. बर्फाची लादी शेवटी कामाला आली. भुजंगनं तिचा तुकडा त्याच्या टाळूवर धरला आणि म्हणाला, "जरा जल्दी घ्या, ताई. शुद्धीवर आला की परत निवडायला लागंल."

दुपारी जीप धुरळा उडवत निघून गेली. भाऊ आणि बहीण आपापल्या घरी गेले. हुरडा एकदा खाऊन काही सगळं मिटत नाही. वाटेत गाठ पडली की आता दोघं खाकरायची, एवढाच काय तो फरक पडला.

उन्हाळा लागल्यावर शिवकन्याचा फोन आला. तिचा आवाज ऐकूनच कारभारीनं ओळखलं की प्लॉट पास झाला.

"साहेब खूश आहेत, बापू. विषय माझाच राहिला. आत्याच्या रक्तात तर इतक्या तऱ्हेचे राखणदार निघाले की साहेबांनी दोनदा मोजायला लावले. एक नमुना मात्र वेगळाच निघाला. टोचलेल्यांच्या रांगेत बसेना. साहेब म्हणाले, काहीतरी चुकलं असेल, हा काढून टाक."

"मंग काढ की. एकटा प्लॉट नासवील."

"मी काढला नाही. परत तपासला, तेच आलं."

"कुनाचा हाय? त्या भुजंगाचा असंल."

"तुमचा, बापू."

कारभारीनं फोन दुसऱ्या कानाला लावला. पहिला कान नीट काम करत नसावा, असं त्याला वाटलं.

"म्हंजी, मी भेसळ?"

"टोचलेल्या बाकीच्यांसारखं तुमचं रक्त नाही. ते आत्यासारखं आहे. लस टोचल्यानंतर खऱ्या देवीशी जवळून गाठ पडली असावी, असं दिसतं. पक्कं नाही सांगता येत. पण आत्या आजारी होत्या तेव्हा तुम्ही त्यांच्याजवळ जायचात का?"

"बिलकुल न्हाई. तिला गोठ्याच्या मागं खोपी करून ठेवलं होतं, येगळी. माय सांगायची, तुला तिकडं फिरकूच दिलं न्हाई."

त्यानं फोन ठेवला. नंदाबाईनं चहा आणला, तो त्यानं पितळी पेल्यातून प्यायला आणि त्याच्या ते ध्यानातही आलं नाही. मग त्यानं चपला घातल्या आणि तो बहिणीकडं गेला. या खेपेला फाटकात न थांबता थेट दारापर्यंत गेला.

गोजरबाई चौकटीत बसून तूर निवडत होती.

"अक्का, तुला देवी आल्त्या तवा मी तुझ्या खोपीत येत होतो का?"

तिचा हात सुपातच थांबला. "कोनी सांगितलं तुला?"

"शिवूनं. रक्तातून निघालं म्हणे."

गोजरबाई हसली नाही. तिनं सूप बाजूला ठेवलं. "रोज यायचास. माय शेतात गेली की म्हातारी आजी तुला घरात कोंडायची. तू मोरीच्या भोकातून निघायचास, नागडा. लिंबाच्या पाल्यावर पडेल असायची मी, अंगभर फोड. कोनी पाणी द्यायचं ते बी लांबून काठीनं ढकलायचं. तू सरळ येऊन माझ्या गोधडीत शिरायचास. मी ढकलायची, तू रडायचास. मंग घ्यायची कुशीत. तुला बी दोन-चार फोड आल्ते. मी मायला सांगितलं, मुंगळे चावले."

"मंग आजपतूर बोलली का न्हाईस?"

"तवा बोलले असते तर मायनं तुला मारलं असतं. मंग तू मोठा झालास, शहाणा झालास, दुरून बोट दाखवायला शिकलास. शहाण्या माणसाला काय सांगायचं?"

कारभारी उभ्या उभ्या आठवत राहिला. गोठा आठवला, मोरी आठवली, मायचा आवाजही आठवला. खोपी मात्र काही केल्या आठवेना. त्याचे डोळे भरून आले आणि ते त्यानं लपवले नाहीत.

"अक्का, मला तर कायच याद न्हाई गं."

"तुला नसंल," गोजरबाई म्हणाली. "आंगाला हाय की."

आणि ती थोडी सरकली आणि चौकटीत त्याला बसायला जागा करून दिली.